घडीच्या नावेची फासळी कशी करून घ्यावी?

खानापूरकर: काकांच्या माळ्यावर जुनी क्लेपर सापडली. सुटी करून पिशवीत भरायची जर्मन नाव. कापड शाबूत आहे, पण मधली एक फासळी आणि काही पितळी खटके गायब. बाहेरून मागवणं परवडत नाही ओ. सागवान चालेल?

उद्यमबागवाला: सागवान कशाला? मूळ फासळ्या बर्चच्या प्लायच्या असतात. चांगला मरीन प्लाय घ्या, जाडी उरलेल्या फासळीवर मोजून. आधी सांगाडा अंगणात जोडा, शेजारच्या फासळ्यांवरून लवचिक पट्टी ताणा आणि तिच्या आत बसेल असा पुठ्ठा कापा. पुठ्ठा बसल्याशिवाय प्लायला करवत लावू नका. खटक्यांचं काय घेऊन बसलाय? बेळगावात ओतकामवाले कमी आहेत काय! एक नमुना द्या. पितळ निवताना आक्रसतं, तेव्हा भोकं मागाहून पाडा. स्प्रिंग मात्र वेगळी घ्यावी लागेल.

निपाणीकर: प्लायच्या कडांना वार्निशचे जादा हात द्या. पाणी तिथूनच शिरतं.

खानापूरकर: पुठ्ठा बसला की ओ! आता राकसकोपच्या धरणावर नेऊ?

उद्यमबागवाला: ते गावाचं पिण्याचं पाणी हाय. मलप्रभेत बघा, पावसाळा सरल्यावर.