‘क्विल्ट’ला रजई म्हणावे की दुलई?

पायवाट: हलके सामान घेऊन डोंगरात मुक्काम करणाऱ्यांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचे मी भाषांतर करत आहे. तिच्यातील एक प्रकरण ‘स्लीपिंग बॅग घ्यावी की क्विल्ट’ याविषयी आहे. ‘स्लीपिंग बॅग’ मी तशीच ठेवली, पण ‘क्विल्ट’ला ‘रजई’ लिहिताच मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले, की वजन वाचवायला निघालेला माणूस पाठीवर रजई कशाला वाहील? मूळ वस्तू पिसे भरलेली, जेमतेम 600 ग्रॅमची, पाठीखालची बाजू नसलेली आणि पायांकडे खोळीसारखी बंद असते. तिला काय म्हणावे?

शब्दवेल: ‘दुलई’ म्हणावे. रजई जाड, दुलई पातळ, हा भेद मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

जुनी वही: आमच्या घरी नेमके उलटे होते, दुलई म्हणजेच जाडजूड पांघरूण. माझ्या मते आधी ‘स्लीपिंग बॅग’लाच ‘निद्रापिशवी’ म्हणावे, मग दुसरा शब्द आपोआप सुचेल.

शब्दवेल: ‘निद्रापिशवी’ घडवता येईल, पण बोलेल कोण? शिवाय रजई तरी कुठे आपली? ती फारसीतून आली आणि घरचीच झाली. क्विल्टलाही तेवढी मोकळीक द्यावी.

कडेकपारी: मला खरा फरक ‘अंथरूण’ आणि ‘पांघरूण’ या जोडीत दिसतो. स्लीपिंग बॅग ही दोन्ही कामे एकटीने करू पाहते. परंतु ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा, आणि अंगाखाली दबून पिसे चपटी झाली की खालच्या बाजूची ऊब बरीचशी जाते, म्हणून मॅट तरीही लागतेच. क्विल्ट करणाऱ्यांनी ती खालची बाजूच काढून टाकली: मॅट हे अंथरूण, क्विल्ट हे पांघरूण. म्हणून मी ‘पिसांचे पांघरूण’ असे सरळ लिहीन. गोधडी मात्र नको, कारण ती अंथरतातही आणि पांघरतातही, आणि वाचकाला तर हाच भेद कळायला हवा.

जुनी वही: हे पटले, आणि एक गंमतही सांगतो. ‘क्विल्ट’चे मूळ लॅटिन ‘कुल्किता’, म्हणजे भरलेली गादी. अंगाखालचा शब्द अंगावर आला! उलट, 1876 साली वेल्समधील व्यापारी प्राइस-जोन्स यांनी पेटंट घेतलेल्या, स्लीपिंग बॅगेच्या पूर्वज मानल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव ‘युक्लिसिया रग’ होते. म्हणजे पिशवीला ते घोंगडीच म्हणत होते.

पायवाट: ‘पांघरूण’ लिहिले, तर ‘क्विल्ट मॅटला पट्ट्यांनी बांधावी’ हे वाक्य विचित्र होते. पांघरूण कोणी बांधत नाही.

कडेकपारी: बांधावे लागते. कुशीवर वळले की कडेला फट पडते आणि गार हवा थेट पाठीला लागते. पहिल्या रात्री मी पट्ट्या लावल्या नाहीत आणि पहाटेपर्यंत जागाच राहिलो. ज्यांना सतत कूस बदलण्याची सवय आहे, त्यांना मी कडाक्याच्या थंडीत टोपीसह येणारी बॅगच घ्यायला सांगेन.

शब्दवेल: आपण बॅगेत ‘शिरतो’ आणि क्विल्ट ‘ओढून घेतो’. क्रियापदेच फरक सांगत असतील, तर नामावर इतके अडावे का?

जुनी वही: अडावेच. आणि बॅगेवर ‘कम्फर्ट’ (जिथवर आरामात झोप लागते) व ‘लोअर लिमिट’ (जिथवर अंग आखडून कशीबशी झोप होते) अशी तापमाने छापतात, त्यांना काय म्हणणार? ‘सुखद तापमान’ ठीक आहे, पण दुसऱ्याला ‘किमान’ म्हटले, तर त्याखालचे ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे जिथे फक्त जीव वाचतो ते, उरतेच.

कडेकपारी: ‘निभाव तापमान’?

पायवाट: तो शब्द मला ‘एक्स्ट्रीम’साठी हवा होता.