पेनसिल्व्हेनियात गॅसची लीज: गावातल्या पेपरावर किती विसंबायचं?

मृणाल_कॅनन्सबर्ग

नमस्कार मंडळी. आम्ही वॉशिंग्टन काउंटीत कॅनन्सबर्गच्या बाहेर घर घेतलंय. मागे थोडी जमीन आहे, पाणी घरच्या बोअरचं. आता एका गॅस कंपनीचा लँडमन, म्हणजे जमीनमालकांशी करार करणारा माणूस, लीजचे (जमिनीखालचा गॅस काढू देण्याच्या कराराचे) कागद ठेवून गेलाय. शेजारच्या दोघांनी सह्याही केल्या.

मी आमच्या इथल्या पेपरात या कंपनीच्या बातम्या शोधल्या. शाळेला देणगी, अग्निशमन दलाला नवी गाडी, काउंटी फेअरला मदत, एवढंच. शेवटच्या पानावर त्याच कंपनीची पानभर जाहिरात. बाहेरच्या चॅनेलवर पाहावं तर नळाच्या पाण्याला लागलेली आग. सासरे म्हणतात, "एवढ्या वर्षांत पेपरात वाईट काही आलं नाही, म्हणजे कंपनी चांगलीच असणार." मला ते पटत नाही, पण उलटं सांगायला हातात काही नाही. इथले जुने लोक या बातम्या कशा वाचतात?

शुभदाताई

मृणाल, लग्नाआधी मी सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. साखर कारखान्यांच्या प्रेसनोटा रोज यायच्या. माणसं कमी, वेळ कमी, त्यामुळे मथळा बदलून त्या तशाच पानात जायच्या. देणगीच्या बातम्यांचं इथेही तेच होतं. बातमीवर वार्ताहराचं नाव नसेल, बोलणारा एकटा कंपनीचा प्रवक्ता असेल आणि एकाही सरकारी कागदाचा उल्लेख नसेल, तर ती प्रेसनोट समज. ती खोटी असते असं नाही, पण तिच्यावरून तुझ्या बोअरबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून इथले सगळे पेपर विकले गेलेत असं मात्र म्हणू नकोस, ते मला सहन होत नाही. आपल्याच काउंटीतल्या माउंट प्लेझंट टाउनशिपमध्ये (टाउनशिप म्हणजे काउंटीतला स्थानिक कारभाराचा भाग) रेंज रिसोर्सेस या गॅस कंपनीने 2004 मध्ये मार्सेलस या खोलवरच्या, गॅस असलेल्या खडकात आपल्या पहिल्या विहिरीचं फ्रॅकिंग केलं, म्हणजे जोराने पाणी सोडून खडक फोडला. तिथल्याच एका कुटुंबाने पाण्या-हवेच्या तक्रारीवरून रेंजसह गॅस कंपन्यांवर दावा लावला होता. 2011 मध्ये तडजोड झाली आणि कोर्टाने कागद सीलबंद केले. ते उघडावेत म्हणून 'पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट' आणि आपला 'ऑब्झर्व्हर-रिपोर्टर' कोर्टात गेले. कंपन्या म्हणाल्या, हा आमच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. न्यायाधीश बाईंनी 2013 मध्ये निकाल दिला, की राज्यघटनेतला खासगीपणाचा हक्क माणसांसाठी आहे, कंपन्यांसाठी नाही. कागद उघडले. तडजोड साडेसात लाख डॉलरची होती. पुढे तडजोडीच्या सुनावणीचा वृत्तांतही बाहेर आला. तडजोडीतली फ्रॅकिंगबद्दल न बोलण्याची अट सात आणि दहा वर्षांच्या मुलांनाही लागू आहे, असं कंपनीचा वकील त्यात सांगतो. गवगवा झाल्यावर कंपनीने, मुलांना ती लागू नाही, असं जाहीर केलं. हे दोन पेपर भांडले नसते तर यातलं अक्षरही आपल्याला कळलं नसतं.

तिकडे राज्याच्या ईशान्येला स्क्रँटन शहरातल्या 'टाइम्स-ट्रिब्यून' पेपरने राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे डीईपीकडे, गॅस आणि तेलाच्या कामामुळे कोणाकोणाचं पाणी बिघडलं त्याची पत्रं मागितली. खातं देईना. पेपर कोर्टात जिंकला, फायली चाळल्या आणि 2013 मध्ये छापलं: 2008 ते 2012 या काळात किमान 161 घरं, शेतं, दुकानं वगैरेंचं पाणी बिघडलं. पुढच्या वर्षी खात्याने यादी संकेतस्थळावर टाकली, तेव्हा प्रकरणं 243 होती. सासऱ्यांना हे दाखव. पेपरात वाईट आलं नाही याचा अर्थ कित्येकदा कागद कुणी मागितलेच नाहीत, एवढाच असतो.

निखिल_दे

शुभदाताईंचं बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. राज्याच्या 2012 च्या कायद्यापासून कंपन्या गॅसच्या दर विहिरीमागे जी फी भरतात, त्यातून टाउनशिपचे रस्ते खरंच झालेत, तीही बातमीच आहे. आणि या भागातल्या काही बोअरमध्ये मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू, आधीपासूनच असतो, हे नळाची आग दाखवणारे क्वचितच सांगतात. म्हणून मृणाल, काम सुरू होण्याआधी मान्यताप्राप्त लॅबकडून पाणी तपासून घे. गॅसची विहीर तुझ्या बोअरपासून 2,500 फुटांच्या आत असेल आणि खोदकामानंतर 12 महिन्यांत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं कायदा धरून चालतो. कंपनीला त्यातून सुटायचं तर पाणी आधीच खराब होतं किंवा दुसऱ्या कारणाने बिघडलं, असं काहीतरी दाखवावं लागतं. आधीचा रिपोर्ट तुझ्याही हातात हवा.

मृणाल_कॅनन्सबर्ग

दोघांचेही मनापासून आभार. 161 चा आकडा ऐकून सासरे गप्प झाले, मग म्हणाले, "ती बातमी इकडे का नाही आली?" आमच्या टाउनशिपमध्ये काय चाललंय ते वेळेवर कळायला काय करू?

शुभदाताई

पेपर बंद करू नकोस, फक्त शेवटून वाच. मागच्या पानांवर बारीक टायपात जाहीर नोटिसा असतात. विहिरीच्या जागेसाठी कंपनीला 'कंडिशनल यूज'ची, म्हणजे जमिनीच्या तशा वापराला टाउनशिपची अटींसह, परवानगी लागणार असेल, तर सुनावणीची नोटीस लागोपाठ दोन आठवडे छापावी लागते. तारीख, वेळ, जागेचा पत्ता, सगळं त्यात असतं. ती दिसली की सुनावणीला जा आणि बोललेलं नोंदवून घ्यायला सांग. डीईपीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने तपासण्या आणि उल्लंघनं शोधता येतात, ती छापून काढ. मग त्या पेपरच्या वार्ताहराला नावानिशी मेल कर, सोबत ते कागद जोड. मी जिल्हा पानावर असताना नुसत्या तक्रारीचं पत्र बाजूला पडायचं, पण सोबत सरकारी कागद असला की आम्ही फोन उचलायचो. आणि लीजवर सही करण्याआधी गॅसच्या कामातला वकील गाठ. रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या गॅसमधला जमीनमालकाचा वाटा, इथे कायद्याने किमान साडेबारा टक्के आहे, पण त्यातून कंपनी कोणते खर्च वजा करते ते त्याच्याकडून ओळ न् ओळ समजून घे.