प्रोपेलर शाफ्टला १२.९ चे बोल्ट? माझा विरोध आहे

पाथर्डीफाटा
पिकअपच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) मागचा क्रॉस, म्हणजे वळता सांधा, बदलायला गाडी नाशिकला द्वारकेजवळच्या गॅरेजात दिली आहे. शाफ्ट डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) जिथे जोडतो, त्या फ्लँजचे, म्हणजे चपट्या चकतीचे, चारही बोल्ट काढताना डोकी गोल झाली. जुन्या बोल्टवर १०.९ कोरलेलं आहे. कंपनीचे बोल्ट यायला चार दिवस लागतील, म्हणून मिस्त्री म्हणतात, "१२.९ चे काळे ॲलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले बोल्ट) टाकू, त्याहून कडक काही नाही."

मला हे पटत नाही. जो ग्रेड निघाला तोच परत बसावा. पहिला आकडा ताकदीचा असतो: १० म्हणजे साधारण १००० मेगापास्कलला तुटणार. दुसरा सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. १२.९ जास्त ताकदीचा आहे हे खरं, पण जास्त कडक पोलाद चिरेपुढे कमी टिकतं. त्यावर जस्ताचा मुलामा असेल तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन आत शिरतो, आणि बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही इशारा न देता तुटू शकतो.

सातपूरचा फिटर
दादा, मुलाम्याचं बरोबर. पण मिस्त्री काळे ॲलन म्हणतायत. काळा रंग इलेक्ट्रोप्लेटिंगचा नसतो, तिथे ही भीती फार कमी. १०.९ च्याच टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळले तर ते अगदी आरामात काम करतात. आम्ही मशीनवर रोज तेच वापरतो. चार दिवस गाडी उभी ठेवण्यापेक्षा हे बरं.

पाथर्डीफाटा
मशीन छपराखाली असतं, शाफ्ट चिखलात फिरतो. काळ्या बोल्टला पावसाळ्यात गंज चढतो आणि एवढ्या कडक पोलादाला गंजसुद्धा चिरा पाडतो. शिवाय टॉर्क १०.९ चाच द्यायचा, तर १२.९ घेऊन मिळालं काय? 

कसारा रोजचा
एवढा काथ्याकूट कशाला? माझ्या गाडीला कितीतरी दिवस साधे ८.८ आहेत. भरलेली गाडी कसारा घाट चढते, काही होत नाही. क्रॉस बदलला की नवे ८.८ आणि स्प्रिंग वायसर. बोल्ट स्वस्त, जीव खुशाल.

पाथर्डीफाटा
भाऊ, इथे मी अजिबात मागे हटणार नाही. बोल्ट कातरला जाऊ नये एवढाच हिशेब लोक करतात. फ्लँजचा जोड बोल्टच्या अंगावर चालत नाही, दोन फ्लँज एकमेकांवर दाबून धरल्यावर जे घर्षण होतं त्यावर चालतो.

समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर देतं आणि पहिल्या गिअरला चौपट होतं. शाफ्टवर ८०० आले. बोल्टचं वर्तुळ ४० मिलिमीटर त्रिज्येचं धरलं तर कडेला २०,००० न्यूटनचा जोर. घर्षणगुणांक ०.१५ धरला तर चार बोल्टांनी मिळून सुमारे १,३३,००० न्यूटनने दाबायला हवं, म्हणजे प्रत्येकी ३३,००० च्या वर. एम१० (१० मिलिमीटर जाडीचा) बोल्ट ८.८ चा असेल तर नेहमीच्या आवळणीत २५,००० च्या आसपास देतो, १०.९ सुमारे ३६,०००. आकडे माझ्या गाडीचे नाहीत, पण फरक कुठे पडतो ते दिसतं. ८.८ वर फ्लँज घसरायला लागते, भोकं लंबगोल होतात, मग बोल्ट हलून हलून तुटतो. स्प्रिंग वायसर इतक्या दाबाला सपाट होतो, त्याचा आधार मानू नका.

कसारा रोजचा
माझी भोकं तपासतो. पण हजारो गाड्या ८.८ वर धावतात, हेही विसरू नका.

जीपवाले काका
मुलांनो, ग्रेडच्या आधी आटे बघा. जुन्या जीपगाड्यांना इंची आटे असतात. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिलिमीटर, एम८ आठचा. हाताला सारखेच लागतात, पानाही जवळपास बसतो, आणि जबरदस्तीने फिरवला की आटे जातात. मेट्रिकमध्येसुद्धा एम१० चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ आणि १.२५, दोन्ही मिळतात. अंबडला नट-बोल्टवाल्याकडे जुना बोल्ट आणि नट दोन्ही न्या, तिथेच फिरवून बघा. बिनआट्याचा भाग किती लांब आहे तेही मोजा, फ्लँज जिथे मिळतात तिथे आटे येऊ देऊ नका.

सातपूरचा फिटर
काकांचं शंभर टक्के. नटही १० क्लासचा हवा, नाहीतर बोल्ट तगडा आणि नटाचे आटे सोलतात. नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला नट) असेल तर प्रत्येक वेळी नवा. पण दादा, १०.९ बाजारात मिळालेच नाहीत तर? सीझनमध्ये पिंपळगावची द्राक्षं थांबणार नाहीत.

पाथर्डीफाटा
तर दुसरी गाडी भाड्याने लावेन. वेगात शाफ्ट मागून सुटला तर तो खाली फडफडत राहतो, ब्रेकचे पाइप तोडू शकतो. डोक्यावर १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही कोरलेले असतील तेच घेईन, आणि टॉर्क रेंच असलेल्या मिस्त्रींकडूनच आवळून घेईन.