फोनवरच्या ऑर्डरवर नळी काढायची का? सिस्टर लोकांनी सांगा

नाईटड्युटी_यवतमाळ
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला खाजगी दवाखान्यात आठ वर्षं स्टाफ नर्स आहे, जीएनएम झालंय. मागच्या महिन्यात एक आजोबा होते, लकवा मारलेला, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. मुलानं बैलजोडी विकली, मग सावकाराचं घेतलं, बाराव्या दिवशी हात जोडून म्हणाला की सिस्टर आता घरी न्या बाबांना, वावर तरी राहू द्या. रात्री एक वाजता सरांचा फोन आला, गाडी बोलावली आहे, ट्यूब काढून पाठवून दे. मी काढली. केसपेपरवर काय लिहिलं तर नातेवाईक स्वतःच्या मर्जीने घेऊन गेले. खाली सही माझी. आजोबा गाडीतच गेले असतील, मला माहीत नाही, मी विचारलंच नाही आणि तेच मला रात्री आठवत राहते.
माझं म्हणणं एवढंच आहे की लेखी ऑर्डर नसेल तर नर्सनं नळीला हात लावू नये. सुप्रीम कोर्टानं 2018 ला निष्क्रिय इच्छामरण, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचे उपचार थांबवून मरण येऊ देणं, मान्य केलं, 2023 ला पद्धत सोपी केली, पण त्यात डॉक्टरांची दोन बोर्डं आहेत, नर्स कुठंच नाही. आणि नळी मात्र आम्हीच काढायची.

पांढरंसोनं
ताई तुमचं दुःख समजते पण आमच्याकडून बी पाहा. माह्या बाबाले तोंडाचा कॅन्सर होता, तंबाखूच्या खर्र्यानं. गाल फुटून भोक पडलं होतं, पाणी पाजलं का बाहेर. तीन महिने रात्रभर ओरडत होते थे. एक दिवस मले म्हणाले, बैल पाय मोडून पडला होता तवा तू डॉक्टरले सुई मारायले लावली ना, मग माह्यासाठी काहून नाई? मी काय सांगू? तुम्ही लेखी लेखी करून राहिले, पण असं दुःख असन तर सुई द्याचा कायदाच पाहिजे. नळी काढाचा नाई, सुईचाच.

रिटायर्ड_मेट्रन
दादा, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण सुई देणार कोण? डॉक्टर लिहील आणि टोचायला सिस्टरलाच पाठवील. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, माझा हात त्यासाठी उठला नसता.
इच्छामरण म्हटलं की सगळे अरुणा शानबागचं नाव घेतात. हल्ल्यानंतर ती कधी भानावर आलीच नाही, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांनी तिला 42 वर्षं सांभाळलं, भरवलं, पुसलं, कुशी बदलल्या. 2011 ला कोर्टानं तिला मरू द्यावं ही याचिका फेटाळली तेव्हाही सांगितलं की तिच्या वतीनं बोलायचा हक्क याचिका करणाऱ्या पिंकी विराणींचा नाही, तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या स्टाफचा. ही आपल्या पेशाची पुण्याई आहे. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, अरुणा स्वतः नर्स होती, 1973 ला हॉस्पिटलच्याच तळघरात कपडे बदलताना तिच्यावर हल्ला झाला. आज तुमच्या तालुक्याला नाईटच्या सिस्टरला कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का, ते आधी विचारा.

नाईटड्युटी_यवतमाळ
मॅडम खोली नाही, पडदा आहे. आणि केईएमला पाळीपाळीनं करायला किती हात होते, इथं रात्री तीस पेशंटला आम्ही दोघी. आयसीयूत एका पेशंटला एक नर्स म्हणतात, ते आम्ही परीक्षेत लिहिलं तेवढंच. दर दोन तासांनी कुशी बदलायची म्हटलं तर बाकीच्यांची सलाईन कोण पाहील? सेवा करत राहा हे उत्तर मला पुरत नाही, माफ करा.

धामकाठचा
आम्ही पवनारकडचे. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं, इंदिरा गांधी भेटायला आल्या तरी ऐकलं नाही, 15 तारखेला गेले. त्याला कोणी गुन्हा म्हटलं नाही, लोकांनी हात जोडले. फरक एवढाच की त्यांनी स्वतः शुद्धीवर असताना ठरवलं. तुमच्या आजोबांना कोणी विचारलं होतं का? सावकाराच्या व्याजानं ठरलेल्या मरणाला इच्छामरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एमडी_तालुका
डॉक्टर म्हणून लिहितो. ताई, मी पण अशा ऑर्डरी फोनवर दिल्या आहेत. कोर्टाची पद्धत म्हणजे उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं बोर्ड, मग सीएमओच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, माणसासोबत दुसरं बोर्ड, शक्यतो 48 तासांत निर्णय, अंमल करायच्या आधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. तालुक्याला दोन तज्ज्ञ आणू कुठून? घरचे न्यायचं म्हणतात तेव्हा मी अडवू शकत नाही. आणि अडवलं तर काचा फुटतात, 2010 चा दवाखान्यांवरच्या हल्ल्याविरुद्धचा कायदा भिंतीवर लावलेला असूनही. लेखीचा हट्ट धरला तर पेशंट मशीनवर पडून राहील आणि बिल वाढेल, त्याच मुलाचं. हे तुम्हाला पटतं का?

नाईटड्युटी_यवतमाळ
सर, नाही पटत. पण मग खरं लिहा ना. कुटुंबाशी कोण बोललं, बरं व्हायची आशा नाही हे कोणी सांगितलं, नळी कोणाच्या सांगण्यावरून किती वाजता निघाली, खाली तुमची सही. बोर्ड नाही जमलं तरी दोन ओळी जमतात. मी ठरवलंय, पुढच्या वेळी फोन आला की नर्सेस नोटमध्ये वेळ आणि तुमचं नाव टाकीन आणि तुम्ही येईपर्यंत थांबीन. नोकरी गेली तर गेली, कंत्राटाचीच आहे.

रिटायर्ड_मेट्रन
यात मी तुझ्यासोबत आहे पोरी. आधी विरोधात लिहिलं, पण नोट लिहिणं हेच आपलं हत्यार. आणि पांढरंसोनं दादा, बाबांना दुखणं थांबवायच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या का? असं ओरडत तीन महिने काढायची वेळ यायला नको होती. अमली पदार्थांच्या कायद्याच्या धास्तीनं ती गोळी खेड्यात ठेवतच नव्हते, 2014 ला कायदा सैल केला तरी बऱ्याच ठिकाणी अजून भीती आहे.

पांढरंसोनं
नाई मॅडम, ही गोळी असते हेच कोणी सांगलं नाई. पॅरासिटामॉल देत होते. बाबा तर गेले. पण काकाले बी आता तेच निघालं हाय, गालातच. कुठं भेटन थे सांगा.

रिटायर्ड_मेट्रन
जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं कमी करायचे उपचार, कोण पाहते ते विचारा. तिथं नसेल तर नागपूरला कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. ते सांगतील तशी घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत मागून घ्या, मॉर्फिननं खडा धरतो.