फक्त मॅटलॅबमध्ये तपासलेल्या 'सुधारित लीच'वर पीएचडी द्यावी का?

नोडवाला (धागाकर्ता):
वायरलेस सेन्सर नेटवर्कवरच्या (बॅटरीवर चालणाऱ्या, रेडिओने वाचनं पाठवणाऱ्या नोडांच्या जाळ्यावरच्या) कितीतरी प्रबंधांचा साचा एकच असतो. १०० × १०० मीटरचं मैदान, त्यात कसेही विखुरलेले १०० नोड, प्रत्येकाला ०.५ ज्यूल, आणि लीच या ऊर्जा वाचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये क्लस्टर हेड (गटाची वाचनं गोळा करून बेस स्टेशन या मुख्य केंद्राला पाठवणारा नोड) निवडायचं सूत्र थोडंसं बदललेलं. मग मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये पहिला नोड ऊर्जा संपून कितव्या फेरीत मेला त्याचा आलेख, आणि नेटवर्कचं आयुष्य वाढल्याचा दावा. माझं मत स्पष्ट आहे: खऱ्या नोडवर प्रवाह मोजल्याशिवाय असा प्रबंध मंजूर होऊ नये.

लीच २००० साली एमआयटीच्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी मांडला. क्लस्टर हेडचा भार आळीपाळीने सगळ्यांवर टाकायचा, ही कल्पना चांगलीच होती. माझी तक्रार आहे ती अजूनही जसंच्या तसं उतरवल्या जाणाऱ्या ऊर्जेच्या गणिताबद्दल: सर्किटला दर बिटला ५० नॅनोज्यूल, आणि अँप्लिफायरचा खर्च अंतराच्या वर्गाने किंवा चौथ्या घाताने वाढणारा.

आता टेलोस-बी या खऱ्या सेन्सर-नोडवरचा सीसी२४२० रेडिओ घ्या. ० डीबीएमला (डीबीएम हे रेडिओच्या शक्तीचं माप) पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, −२५ डीबीएमला ८.५. हवेत जाणारी शक्ती तीनशे पटींनी घटली तरी प्रवाह जेमतेम निम्मा होतो. ऐकताना १८.८, म्हणजे पाठवण्यापेक्षा जास्त, आणि काहीही येत नसलं तरी तेवढाच. ३ व्होल्टवर ४००० बिटांचं एक पाकीट (पॅकेट) पाठवायला १६ मिलिसेकंद आणि ०.८४ मिलिज्यूल लागतात; एक सेकंद नुसतं ऐकत बसायला ५६ मिलिज्यूल. रिकाम्या एका सेकंदाच्या ऊर्जेत अशी ६७ पाकिटं गेली असती! २५०० मिलिअँपिअर-तासाचे दोन पेन्सिल सेल रेडिओ सतत चालू ठेवला तर साडेपाच दिवसांत संपतात, एक टक्का वेळच चालू ठेवला तर हिशेबाने दीड वर्ष पुरतात. आयुष्य ठरतं ते इथे. क्लस्टर हेड दहा मीटर जवळ आणून काय साधणार?

गणिती:
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. मॉडेल चुकीचं असेल तर मॉडेल बदला, सिम्युलेशनच कशाला बाद करता? पाठवणं, ऐकणं, झोपणं, प्रोसेसर चालू असणं, या प्रत्येक अवस्थेचा वेळ गुणिले डेटाशीटमधला प्रवाह, असा हिशेब कॉन्टिकी या नोडांच्या ऑपरेटिंग सिस्टिममधलं एनर्जेस्ट करतंच. तिच्या कूजा या सिम्युलेटरमध्ये एमएसपी४३० चं, म्हणजे टेलोस-बीच्या प्रोसेसरचं, अनुकरण होतं, त्यामुळे नोडवर चढवायची तीच फाइल तिथे चालते.

उलट शेतात दोन प्रोटोकॉलची तुलना करणार कशी? एक आज चालवला, दुसरा उद्या, आणि मध्ये पाऊस झाला. फरक प्रोटोकॉलचा की पावसाचा? सिम्युलेशनमध्ये तीच मांडणी वीस वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या वेगवेगळ्या सुरुवातींवर) चालवून सरासरीबरोबर विश्वासांतरही (कॉन्फिडन्स इंटरव्हल) देता येतं. ते न देता एकाच रनचा आलेख छापतात, तो दोष मार्गदर्शकाचा.

नोडवाला:
गणिती, कूजातसुद्धा बहुतेक जण लिंकसाठी गोल वर्तुळाचं मॉडेलच ठेवतात: आत असाल तर पोचलं, बाहेर असाल तर नाही. खरी लिंक अशी नसते. एका दिशेने ९० टक्के पाकिटं पोचतात आणि उलट दिशेने निम्मीही नाहीत, असं सर्रास होतं. पोचपावतीवर अवलंबून असलेला प्रोटोकॉल नेमका तिथेच कोसळतो.

आणि मूळ मांडणी बघा. लीचच्या २००२ च्या पेपरात बेस स्टेशन मैदानाच्या कडेपासून ७५ मीटर बाहेर आहे. लांबच्या कोपऱ्यातून ते १८२ मीटर होतं. टेलोस-बीचा मोकळ्या जागेतला पल्ला कागदोपत्री ७५ ते १०० मीटर. म्हणजे त्या कोपऱ्यातला नोड हेड झाला की त्याचा पूर्ण क्लस्टर मुका. शिवाय ४००० बिट म्हणजे ५०० बाइट, ८०२.१५.४ या टेलोस-बीच्या रेडिओ-मानकाची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची. एका पाकिटाच्या किमान चार-पाच फ्रेम होतात, त्यातली एक हरवली तर काय, याचा प्रबंधात उल्लेखही नसतो.

अँटेना:
नोडवालांना अनुमोदन. २.४ गिगाहर्ट्झवर १०० मीटरच्या लिंकमध्ये पहिल्या फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधला, मोकळा राहायला हवा असा लांबट भाग) मधली त्रिज्या सुमारे १.८ मीटर येते. अँटेना जमिनीपासून फूटभर उंच ठेवली तर जवळपास अर्धा झोन मातीतच गेला. लावणीच्या वेळी उत्तम चालणारी लिंक ऊस डोक्याएवढा झाला की तुटते, कारण ओला पाला २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतो. खांब पिकाच्या पूर्ण वाढीच्या उंचीपेक्षा वरच हवा.

नेदरलँड्समध्ये २००५ साली बटाट्याच्या शेतात करपा रोगाच्या अंदाजासाठी शंभराहून जास्त नोडांचं नेटवर्क लावलं होतं. हंगामाअखेर अपेक्षित डेटापैकी सुमारे २ टक्केच हाती आला.

गणिती:
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. अनुभवी गटाला २ टक्के मिळाले, तर दोन सत्रांत एम.टेक.च्या विद्यार्थ्याला काय मिळणार? पदवी पावसावर आणि बॅटरीच्या डब्याच्या गॅस्केटवर अवलंबून ठेवायची का?

नोडवाला:
त्या गटाने काय काय बिघडलं ते तपशीलवार लिहिलं, म्हणूनच आपण आज त्यावर बोलतोय. तेही संशोधनच.

काळी माती:
तुम्ही सगळे रेडिओवर भांडताय, पण पाकिटातला आकडा तरी खरा आहे का? मातीतला ओलावा मोजणारा, दोन धातूच्या काट्यांचा रोधक सेन्सर सतत डीसीवर ठेवला की इलेक्ट्रोलिसिसने काटा झिजतो आणि वाचन सरकत जातं. रीडिंगपुरताच पुरवठा द्यावा. स्वस्त कपॅसिटिव्ह पट्टीची कापलेली कड उघडी असते, तिथून पाणी शिरतं. कडेला आणि वरच्या सर्किटला इपॉक्सी लावलाच पाहिजे.

आपल्या काळ्या मातीत आणखी अडचण. ती सुकताना भेगाळते, पट्टीशेजारी हवेची फट पडते, आणि सेन्सर माती आहे त्यापेक्षा कितीतरी कोरडी दाखवतो. खड्डा खणून त्याच्या न हललेल्या भिंतीत पट्टी आडवी बसवा. कॅलिब्रेशनला त्याच शेतातली माती, ओलाव्याच्या किमान पाच पातळ्या. दर पातळीला वाचन घेऊन लगेच ठरावीक आकारमानाचा नमुना काढा, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा वजन करा. ही माती फुगते आणि आकसते, म्हणून स्थूल घनता (ठरावीक आकारमानातल्या सुक्या मातीचं वजन) एकदाच मोजून सगळीकडे वापरू नका.

आणि ओलावा सावकाश बदलतो. अर्ध्या तासाला एक वाचन धरलं तरी दिवसाला ४८ पाकिटं. त्यासाठी क्लस्टर कशाला? ८६५–८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे, लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी ऊर्जेच्या रेडिओने थेट गेटवेला पाठवा. लीच क्लस्टरची सगळी वाचनं एका पाकिटात मुरवतं. शेतकऱ्याला मात्र कुठला कोपरा कोरडा आहे तेच हवं असतं.

गणिती:
शेवटचा मुद्दा पटला. पण लोरा आणलंत की सिम्युलेशन आणखी गरजेचं होतं. स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर, म्हणजे सगळ्यांत लांब पल्ल्याच्या पण सगळ्यांत संथ सेटिंगवर, एक छोटं पाकीटही सेकंदाहून जास्त वेळ हवेत असतं, आणि नोड एकमेकांचं न ऐकता पाठवतात. एका गेटवेवर हजार नोड आले तर टक्कर किती होईल, हे हजार नोड विकत घेऊन बघणार का? आणि सगळीकडे एका उडीत, म्हणजे मध्ये दुसरा नोड न घेता, काम भागत नाही. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने दरडींवर लक्ष ठेवायला उतारावर पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारे), जिओफोन (कंपनं टिपणारे) लावले. तिथे टेकडीआडून बहु-उडी मार्गच काढावा लागतो.

नोडवाला:
हजार नोड नकोत, दहा पुरेत. दहा नोड चार आठवडे चालवा, शंट रोध आणि स्कोपने प्रत्येक अवस्थेचा प्रवाह मोजा, दर लिंकची दोन्ही दिशांची पोच नोंदवा, आणि तेच आकडे सिम्युलेटरमध्ये घालून पुढे हजारापर्यंत जा. कच्च्या नोंदी प्रबंधाला जोडा.

गणिती:
प्रवाह मोजण्याची अट पीएचडीला मान्य. चार आठवड्यांची नाही, आणि एम.टेक.ला तर दोन्ही नाहीत. तिथे दुसऱ्यांनी मोजून खुल्या ठेवलेल्या लिंक-नोंदी वापरल्या तरी चालावं.

काळी माती:
आणि ओव्हनचे आकडे?