गोरिला ट्रेक: रवांडा की युगांडा? कोल्हापुरातून चौघं, बाबा 63 वर्षांचे

पन्हाळावारी:
मी, मंडळी, बाबा (63) आणि मुलगा. मुलगा 5 डिसेंबरला 15 पूर्ण करतो. मेच्या सुट्टीत जावं की नाताळात? रवांडाचं पर्मिट युगांडाच्या जवळजवळ दुप्पट आहे, तर त्या पैशात नेमकं काय जास्त मिळतं? बाबा जोतिबा सहज चढतात, पण गुडघा उतरताना दुखतो. ते शाकाहारी आहेत. काँगोतल्या गोमा शहराजवळचा लाव्हाही बघता येईल का?

गवारेडा_दाजीपूर:
दादा, मे सोडाच. तिथला मोठा पावसाळा मार्च ते मे असतो. कोरडे महिने दोनदा येतात, जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. शिवाय ट्रेकच्या दिवशी 15 वर्षं पूर्ण लागतात आणि वय पासपोर्टवर बघतात, म्हणजे नाताळच.

पर्मिट रवांडात माणशी 1500 डॉलर, युगांडात 800. चौघांत 2800 डॉलरचा फरक पडतो. दोन्हीकडे गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसाला 8 पर्यटक आणि एकच तास. गोरिला तेच, माया तीच. जास्त पैशात मिळतो तो रस्ता: रवांडाची राजधानी किगालीपासून मुसांझे (गोरिलांच्या जंगलाजवळचं गाव) अडीच तासांत, पूर्ण डांबरी. युगांडात एन्टेबे विमानतळाहून ब्विंडीच्या गोरिला जंगलाला गाडीने 8 ते 10 तास लागतात. पण किगालीला उतरून ब्विंडीच्या दक्षिणेकडच्या रुशागाला गेलं तर प्रवास निम्म्यावर येतो आणि पर्मिट युगांडाचंच राहतं. तुम्हाला मी हेच सुचवेन.

इथं लोक फसतात ते सेक्टरमध्ये. ब्विंडीत बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो असे चार भाग आहेत आणि पर्मिट त्या भागापुरतंच असतं. नकाशावर बोटभर अंतर, पण मध्ये जंगल, रस्ता कित्येक तासांचा. मुक्काम बुहोमाला आणि पर्मिट रुशागाचं असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचणं होत नाही आणि पैसेही बुडतात. म्हणून आधी पर्मिट, मग लॉज, विमान शेवटी.

दुसरं, घड्याळ. युगांडा रवांडाच्या एक तास पुढं आहे. सीमेवरच्या स्यानिका नाक्यावर तो तास जातो. गाडी पण उजवीकडून डावीकडे येते. रवांडात भाड्याने घेतलेली गाडी सीमेपार न्यायची तर कोमेसा यलो कार्डाचा विमा कागदपत्रांत आहे का, ते ताब्यात घेतानाच बघा.

चिखलवाट:
बाबांच्या गुडघ्याबद्दल. पन्हाळा–पावनखिंड चालणाऱ्याला चिखल नवा नाही. नवी असते ती पायवाट नसणं. गोरिला रोज संध्याकाळी नवीन घरटं करतात, त्यामुळे माग काढणारे पहाटे कालच्या जागेवरून सुरुवात करून वॉकीटॉकीवर ठिकाण कळवतात. अर्धा तासही लागतो, पाच तासही. बाबांचा गुडघा सकाळी गटवाटपाआधी रेंजरला सांगा, वाटेत नको. जवळचा गट द्यायचा प्रयत्न ते करतात.

पोर्टर प्रत्येकी एक घ्याच, साधारण 20 डॉलर. पिशवी उचलणं हे त्याचं छोटं काम. उतारावर हात धरणं हे खरं. त्या पैशावर गावातलं घर चालतं, आणि ज्या गावाला जंगलातून कमाई आहे ते गाव फासे लावत नाही.

अंगभर बाही, जाड पँट, पायमोज्यांत खोचलेली (सफारी मुंग्या आत चढतात). बागकामाचे जाड हातमोजे हवेत, कारण आधाराला जे झुडूप धरता ते काटेरी किंवा खाजकुयलीसारखं आग करणारं असतं. काठी द्यायला लॉजवाले असतात.

गोरिलाजवळ 10 मीटर अंतर, तोंडावर मास्क, फ्लॅश बंद. नर अंगावर धावून आला तर पळू नका, खाली बसा, नजर खाली. सर्दी-ताप असेल तर स्वतःच थांबा. आपला साधा श्वसनाचा विषाणू त्यांच्या अख्ख्या कुटुंबाला मारू शकतो आणि डोंगरी गोरिला जगात हजाराच्या थोडे वरच आहेत. 1500 डॉलर गेले तरी थांबा.

फोटोत काळ्या केसांमुळे कॅमेरा चित्र फिकट करतो. एक्स्पोजर उणे 0.7 ते उणे 1 ठेवा.

पन्हाळावारी:
सेक्टरचं माहीतच नव्हतं, वाचलो. लसीचं काय?

मंगळवारपेठ_मेडिकल:
पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यायची, साध्या चिठ्ठीला किंमत नाही. दाखला 10 दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर आणि अंड्याची ॲलर्जी असल्यास धोका वाढतो, त्यामुळे बाबांच्या डॉक्टरांचं मत पर्मिटचे पैसे भरण्याआधी घ्या. हिवतापाच्या गोळ्याही त्यांनाच विचारा.

डॉलर 2009 नंतरचे, कोरे. जुनी किंवा फाटकी नोट कुणी घेत नाही. दोन्ही देश जोडणार असाल तर पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा 100 डॉलरला, 90 दिवस. प्लग दोन्हीकडे वेगळा: रवांडात गोल पिना, युगांडात ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी.

गवारेडा_दाजीपूर:
गोमाचं उत्तर: नको. तिथला न्यिरागोंगो ज्वालामुखी 22 मे 2021 ला फुटला आणि त्या भागात युद्धही चालू आहे. त्याचा लाव्हा सिलिका कमी असल्याने फार पातळ, उतारावर वेगाने धावतो. 1977 आणि 2002 मध्येही तो लोकवस्तीपर्यंत आला होता. ज्वालामुखी चढायचाच तर रवांडातला 3711 मीटरचा बिसोके, माथ्यावर तळं आहे. बाबांना मात्र नाही.

जेवणाचं सोपं आहे. ज्वालामुखीच्या मातीतला मुसांझेचा बटाटा, राजम्यासारखा घेवडा, केळ्याची भाजी, भोपळा. कसाव्याच्या पाल्याच्या इसोंबेत मांस किंवा सुकी मासळी पडते कधीकधी, विचारून घ्या. तिखट कमीच, पण अकाबांगा नावाचं मिरचीचं तेल मिळतं, थेंबथेंब घालायचं. तरी कांदा-लसूण मसाल्याची पुडी असू द्या.

रवांडात प्लास्टिक पिशव्यांना 2008 पासून बंदी आहे, बॅगेतल्या काढून ठेवा. महिन्याचा शेवटचा शनिवार सकाळी उमुगांडा, म्हणजे सार्वजनिक श्रमदान. 8 ते 11 दुकानं आणि रस्ते जवळजवळ बंद. त्या सकाळी प्रवास ठेवू नका.