पोर्ट कोणी धरून ठेवायचं: सिस्टमडीने की सेवेने स्वतः?

रबाळे_रॅक:

उबुंटू लिनक्सने २२.१० आवृत्तीपासून ओपनएसएसएचचं (दूरच्या यंत्रात लॉगिन करून देणारी सेवा) पोर्ट सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, हाती दिलं. पोर्ट २२ वर ऐकत बसतो तो पीआयडी १, म्हणजे सिस्टमडीच, आणि पहिलं कनेक्शन आलं की एसएसएचडी हा ओपनएसएसएचचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) उठतो. तेव्हापासून 'सगळ्या सेवा सॉकेट युनिटवर न्या' असा सल्ला सर्रास दिला जातो; सॉकेट युनिट म्हणजे कुठलं पोर्ट धरायचं ते सिस्टमडीला सांगणारी फाइल. मला तो चुकीचा वाटतो. जी सेवा बंद पडली तर काम अडतं, तिने आपलं पोर्ट स्वतः धरावं. कारणं सांगतो, खोडून काढा.

पहिलं, पोर्टचा आकडा दोन ठिकाणी राहतो. २२.१० वर एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये पोर्ट २२२२ केलं आणि एसएसएच सेवा रिस्टार्ट केली, तरी ऐकणारं सॉकेट २२ वरच. २४.०४ मध्ये यासाठी जनरेटर (बूट किंवा रिलोडच्या वेळी युनिट तयार करणारा छोटा प्रोग्राम) आला. तो एसएसएचडी_कॉन्फिगमधल्या पोर्ट आणि लिसनॲड्रेस या ओळी वाचून सॉकेट युनिटला देतो, पण सिस्टमसीटीएल डीमन-रिलोड आणि मग एसएसएच.सॉकेट रिस्टार्ट, हे दोन्ही केल्यावरच. समजा यंत्र महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहे, माणूस ठाण्यात बसलाय, आणि त्याने फायरवॉलवर २२ बंद करून २२२२ आधीच उघडलंय. आता आत जायचा रस्ताच नाही. कन्सोल (नेटवर्कच्या एसएसएचशिवाय यंत्राशी थेट बोलायचा रस्ता) जोडलेला नसेल तर रात्री खाडी ओलांडून महापेला जाणं आलं.

दुसरं, सेवा मेली तरी पोर्ट जिवंत दिसतं. टीसीपीचा हँडशेक कर्नल पुरा करतो, त्याला सेवा लागत नाही. लोड बॅलन्सरची (ग्राहकांना चालू सर्व्हरांकडे वाटणाऱ्या यंत्रणेची) तपासणी नुसती 'कनेक्ट होतंय का' एवढीच असेल तर ती हिरवी राहते आणि ग्राहक उत्तराची वाट बघत लटकतो. सेवेने स्वतः पोर्ट धरलेलं असतं तर तिच्यासोबत सॉकेटही गेलं असतं आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' तत्काळ मिळालं असतं. स्पष्ट नकार हा लटकण्यापेक्षा कधीही बरा.

तिसरं, कॉन्फिगमधली चूक झाकलेली राहते. यंत्र बूट झालं, सॉकेट 'ॲक्टिव्ह' दिसतंय, सगळं ठीक वाटतंय. पहिलं कनेक्शन येईपर्यंत एसएसएचडी उठतो की नाही हे कोणालाच ठाऊक नाही.

जुन्या पद्धतीवर यायचं तर आधी डिसेबल --नाऊ एसएसएच.सॉकेट, मग इनेबल --नाऊ एसएसएच.सर्व्हिस. चालू सत्र तुटत नाही, कारण एसएसएच.सर्व्हिसमध्ये किलमोड=प्रोसेस आहे, म्हणजे थांबवताना फक्त मुख्य प्रोसेस मारली जाते. तरीही दुसरी खिडकी उघडी ठेवूनच करा.

ऐरोली_सेक्टर_८:

असहमत. तुम्ही एका एसएसएचच्या अनुभवावरून सगळ्या सेवांचा नियम काढताय.

बूटच्या वेळी काय होतं ते पाहा. सॉकेट युनिटं सॉकेट्स.टार्गेटखाली येतात आणि ते टार्गेट बहुतेक सेवांच्या आधी पुरं होतं. म्हणजे कुठलाही डीमन उठायच्या आधी पोर्ट ताब्यात आलेलं असतं. याचा उपयोग नेमका कुठे? लिनक्सची बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठीची पोर्टं मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधून दिली जातात. जीआरपीसी (प्रोग्रामांनी नेटवर्कवरून एकमेकांना हाक मारायची पद्धत) वापरणाऱ्या सेवा रिवाजाने ५००५१ वर ठेवतात, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. वीज जाऊन आली, सगळं एकदम उठलं, आणि तुमच्या सेवेच्या आधी मॉनिटरिंग एजंटने बाहेर कनेक्शन करताना नेमकं ५००५१ उचललं, तर तुमची सेवा 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडते. एसएस -एलटीएनपी मध्ये तिथे कोणीच ऐकताना दिसत नाही, कारण एल पर्याय फक्त ऐकणारी सॉकेटं दाखवतो. लोक तास तास शोधत बसतात. तिथे एसएस -टीएएनपी चालवायला हवं.

सॉकेट युनिट असेल तर हा प्रसंगच येत नाही. नको असेल तर निदान नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्समध्ये ५००५१ लिहून ठेवा, म्हणजे कर्नल ते बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला आपणहून देणार नाही.

दुसरा फायदा रिस्टार्टचा. आवृत्ती बदलताना सेवा चार सेकंद खाली गेली तर त्या चार सेकंदांत नव्याने येणारी कनेक्शनं कर्नलच्या रांगेत थांबतात, नाकारली जात नाहीत. चालू कनेक्शनं तुटतील, ती सेवेने नीट आवरती घ्यायला हवीत, पण नवा माणूस दारातून परत जात नाही.

आणि तिसरा: १०२४ च्या खालचं पोर्ट सिस्टमडी उघडतो आणि डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा क्रमांक) ३ पासून पुढे सेवेच्या हातात देतो. सेवेला रूटही लागत नाही आणि कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिसही (अशी खालची पोर्टं उघडायची खास परवानगी) नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सॉकेट इतक्या लवकर उघडतं की विशिष्ट आयपीवर बांधायचं असेल तर तो पत्ता अजून कार्डावर आलेला नसू शकतो. मग 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' येतं. युनिटमध्ये फ्रीबाइंड=येस लिहा, म्हणजे पत्ता आलेला नसतानाही सॉकेट बांधता येतं.

नौपाडा_युनिक्स:

हा वाद सिस्टमडीच्या जन्माआधीचा आहे. इनेटडी ४.३बीएसडी या युनिक्समध्ये, १९८६ मध्ये आला तो याच विचाराने: दहा डीमन झोपून मेमरी खाण्यापेक्षा एकाने ऐकावं आणि हाक आली की त्यालाच उठवावं. सिस्टम फाइव्ह रिलीज ४ या दुसऱ्या युनिक्समध्ये याची वेगळी मांडणी होती. 'लिसन' नावाचा पोर्ट मॉनिटर, त्यावर 'सॅक' हा देखरेख्या, कारभार सॅकॲडम, पीएमॲडम आणि एनएलएसॲडमिन या कमांडांनी. मॉनिटर पडला तर किती वेळा उठवायचा ते सॅकॲडमला एन पर्यायाने सांगावं लागे. न सांगितल्यास शून्य. म्हणजे मॉनिटर एकदा पडला की त्याच्या मागच्या साऱ्या सेवा बाहेरून बंद. एकाच रखवालदाराकडे सगळ्या किल्ल्या दिल्या की ही जोखीम येते, आणि रबाळे_रॅक यांची भीती तिथूनच आलेली आहे. ती खोटी नाही.

पण मुळातली गल्लत वेगळी आहे. सॉकेट युनिटमध्ये ॲक्सेप्ट=नो आणि ॲक्सेप्ट=येस हे दोन संपूर्ण वेगळे कारभार आहेत. 'नो' मध्ये ऐकणारं सॉकेटच सेवेला मिळतं, ती एकदा उठते आणि पुढची सगळी कनेक्शनं स्वतः घेते. 'येस' मध्ये प्रत्येक कनेक्शनला नवी प्रोसेस, आणि त्यासाठी @ असलेलं टेम्प्लेट युनिट लागतं. हाच इनेटडीचा नोवेट, आणि 'नो' म्हणजे त्याचा वेट. वर तुम्ही दोघं 'नो'बद्दल बोलताय, आणि 'सगळं सॉकेटवर न्या' म्हणणारे लोक 'येस'ची उदाहरणं देतात.

वेट आणि नोवेट यांत चूक झाली की काय होतं तेही सांगतो, कारण इनेटडी अजून मेलेला नाही. टीएफटीपी (फाइल पाठवायची साधी पद्धत) यूडीपी ६९ वर चालतं. त्याच्या ओळीत वेट हवं. चुकून नोवेट लिहिलं तर पॅकेट सॉकेटवर तसंच पडून असतं, इनेटडीला ते पुन्हा दिसतं, तो पुन्हा एक प्रत उठवतो, असं करत काही क्षणांत शेकडो प्रती. फ्रीबीएसडीवर एका सेवेला मिनिटाला २५६ ची मुळातली मर्यादा आहे. ती ओलांडली की लॉगमध्ये 'लूपिंग' असा शेरा येतो आणि सेवा काही वेळ बंद राहते. रबाळे-महाप्याकडे रॅकमधली यंत्रं पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट करून) बसवणाऱ्यांनी आधी ही ओळ तपासावी, मग नेटवर्कला दोष द्यावा. टीएफटीपी उत्तर नव्या पोर्टवरून देतो, म्हणून फायरवॉलवर त्याचा कनट्रॅक हेल्परही (ते उत्तर मूळ विनंतीचंच आहे हे फायरवॉलला ओळखून देणारा भाग) लागतो.

फाइल बदलल्यावर इनेटडीला एचयूपी, म्हणजे 'फाइल पुन्हा वाच' असा सिग्नल. एआयएक्सवर रिफ्रेश -एस इनेटडी. सोलॅरिस १० पासून मात्र इनेटडी.कॉन्फ बदलून काहीच होत नाही, इनेटकॉन्व्ह चालवून ती ओळ एसएमएफमध्ये (सोलॅरिसची सेवा सांभाळणारी यंत्रणा) न्यावी लागते. नंतरचे बदल इनेटॲडमने.

माझं मत: दिवसाला मोजकी कनेक्शनं येणाऱ्या सेवेला वेगळा रखवालदार चालतो. डेटाबेस आणि वेब यांनी आपलं दार आपणच राखावं.

कोपरखैरणे_नेट:

ॲक्सेप्ट=येसचं एक दुखणं वर आलं नाही. मॅक्सकनेक्शन्सची मुळातली मर्यादा ६४ आहे. पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं असेल आणि कोणी स्कॅनर कनेक्शन उघडून नुसता बसून राहिला, तर ६४ जागा भरतात आणि तुमचा स्वतःचा मॉनिटरिंग सर्व्हर बाहेर. मॅक्सकनेक्शन्सपरसोर्स (एका पत्त्याला किती कनेक्शनं) लिहा, चार-पाच पुरतात. चेकएमके या मॉनिटरिंग साधनाचा एजंट टीसीपी ६५५६ वर अशाच पद्धतीने चालवतात, तिथे ही ओळ हवीच.

दुसरं, पूर्वी कोणाला आत घ्यायचं याची ओळ टीसीपी रॅपर्सच्या होस्ट्स.अलाव फाइलमध्ये टाकली की काम भागायचं. ओपनएसएसएचने टीसीपी रॅपर्सचा आधार ६.७ मध्ये, २०१४ साली काढला आणि रेड हॅटने आरएचईएल ८ मधून ते पॅकेजच काढलं. तरी लोक ती फाइल भरत राहतात आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतात. तिच्याऐवजी सिस्टमडीत आयपीॲड्रेसडिनाय=एनी आणि आयपीॲड्रेसअलाव आहे. पण सॉकेट ॲक्टिव्हेशनमध्ये हे फक्त सर्व्हिस युनिटमध्ये लिहून उपयोग नाही. सेवेचे नियम बाहेरून हातात आलेल्या सॉकेटला लागू होत नाहीत, आणि सॉकेटचे नियम सेवेने स्वतः उघडलेल्या सॉकेटला नाहीत. दोन्ही युनिटांत लिहा. मग दुसऱ्या आयपीवरून एनसी (पोर्टशी जोडून बघणारी कमांड) मारून खात्री करा.

रबाळे_रॅक:

५००५१ चा मुद्दा मान्य. तो मी धरला नव्हता. पण त्यावर रिझर्व्ह्ड पोर्टची एक ओळ पुरते, त्यासाठी अख्खी रचना बदलायला नको.

ताई, तुमच्या चार सेकंदांच्या रिस्टार्टवर मात्र आक्षेप आहे. सेवा चार सेकंदांत उठली तर ठीक. उठलीच नाही तर? रांगेतलं कनेक्शन तसंच पडून आहे, म्हणून सिस्टमडी सेवेला पुन्हा उठवतो, ती पुन्हा पडते. १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की स्टार्टलिमिट लागते, आणि तिथे सेवेबरोबर सॉकेट युनिटही फेल होतं. आता पोर्टही गेलं. सेवा दुरुस्त केली तरी सॉकेट आपोआप परत येत नाही. रीसेट-फेल्ड करून सॉकेट पुन्हा स्टार्ट करावं लागतं. रात्रपाळीच्या मुलाला हे माहीत नसतं, तो नुसती सर्व्हिस स्टार्ट करतो.

आणि ज्या डीमनला लिसन_एफडीएस (सिस्टमडीने किती डिस्क्रिप्टर दिले ते सांगणारं व्हेरिएबल) वाचताच येत नाही त्याच्यापुढे सिस्टमडी-सॉकेट-प्रॉक्सीडी हा मध्यस्थ बसवतात. मग सेवेच्या लॉगमध्ये प्रत्येक ग्राहकाचा पत्ता १२७.०.०.१. फेलटूबॅन (लॉग पाहून हल्लेखोर पत्ते रोखणारं साधन) निकामी, कोण आलं होतं याचा मागच नाही. हा सौदा मी कधीही करणार नाही.

ऐरोली_सेक्टर_८:

प्रॉक्सीडीबद्दल पूर्ण सहमत. ज्या सेवेला डिस्क्रिप्टर घेता येत नाही तिला सॉकेटवर नेऊच नये.

स्टार्टलिमिटचं म्हणाल तर तो कॉन्फिग न तपासता रिस्टार्ट केल्याचा परिणाम आहे. एसएसएचडी -टी आधी चालवा, त्याने काहीही न छापता बाहेर पडायला हवं. स्वतंत्र डीमनलासुद्धा चुकीच्या कॉन्फिगवर रिस्टार्ट दिलात तर तो मरतोच. चूक झाकलेली राहते म्हणता, तर बूटनंतर देखरेखीने एक खरं लॉगिन करून बघावं. टीसीपी तपासणी हिरवी राहते हा दोषही तपासणीचा आहे. स्वतंत्र डीमन डेडलॉकमध्ये अडकला तरी त्याचं सॉकेट उघडंच असतं, तेव्हाही ती हिरवीच दाखवेल. एचटीटीपीचं उत्तर किंवा एसएसएचचं बॅनर वाचून बघणारी तपासणी लावा.

दूरच्या यंत्राचं पोर्ट बदलायचा क्रम असा ठेवा. चालू सत्र सोडू नका. ॲट कमांडने १० मिनिटांनंतर जुनं कॉन्फिग परत आणून सॉकेट रिस्टार्ट करणारं काम लावून ठेवा. फायरवॉलवर नवं पोर्ट उघडा, जुनं अजून बंद करू नका. सेलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) असेल तर सीमॅनेज पोर्टने २२२२ ला एसएसएच_पोर्ट_टी द्या. सॉकेट युनिट हाताने बदलत असाल तर सिस्टमसीटीएल एडिटमध्ये आधी लिसनस्ट्रीम= अशी रिकामी ओळ, मग लिसनस्ट्रीम=२२२२. रिकामी ओळ नसेल तर जुनं पोर्ट तसंच राहून नवं त्यात भर पडतं. डीमन-रिलोड, सॉकेट रिस्टार्ट, दुसऱ्या खिडकीतून आत येऊन बघा, मग ॲटमधलं काम काढा. २२ सर्वांत शेवटी बंद.

नौपाडा_युनिक्स:

रांगेच्या भरवशावर बोलताय तर रांग किती लांब आहे ते आधी मोजा. एसएस -एलटीएन मध्ये ऐकणाऱ्या सॉकेटसाठी रेसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता थांबलेली कनेक्शनं आणि सेंड-क्यू म्हणजे कमाल मर्यादा. ही मर्यादा बॅकलॉग (ऐकणाऱ्याने मागितलेली लांबी) आणि सोमॅक्सकॉन (कर्नलची कमाल) यांतली लहान. लिनक्स ५.४ च्या आधी सोमॅक्सकॉन मुळात १२८ होता, नंतर ४०९६ झाला. जुन्या कर्नलवर सेकंदाला ५० कनेक्शनं येत असतील तर १२८ ची रांग अडीच सेकंदांत भरते. ताईंच्या चार सेकंदांना ती पुरत नाही. भरल्यावर कर्नल गुपचूप पॅकेट टाकून देतो, ग्राहक आधी एक सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी पुन्हा विचारतो, आणि लोकांना वाटतं नेटवर्क मंद आहे. एनस्टॅट -एझेड मध्ये लिसनओव्हरफ्लोज वाढतोय का ते पाहा. वाढत असेल तर रांग भरतेय.

रबाळे_रॅक:

काका, हा हिशेब उपयोगाचा आहे. ६५५६ आणि टीएफटीपी सॉकेट युनिटवर न्यायला माझी आता हरकत नाही, मॅक्सकनेक्शन्सपरसोर्ससकट. ज्या यंत्राला कन्सोल किंवा आयएलओसारखा (सर्व्हरमधलं स्वतंत्र दूरनियंत्रण) दुसरा रस्ता नाही, त्याचं एसएसएच मात्र मी स्वतंत्र डीमन म्हणूनच ठेवणार.

ऐरोली_सेक्टर_८:

दुसरा रस्ता नसलेलं यंत्र डेटा सेंटरमध्ये ठेवायचंच का, हा खरा प्रश्न आहे. आयएलओला वेगळी केबल आणि एक आयपी लागतो. आधी ते करा, मग पोर्ट कोणी धरायचं ते ठरवा.